धंदा कुठल्या शहरात टाकायचा? गाव ठरवण्याआधीचं गणित

"धंदा सुरू करायला सगळ्यात चांगलं शहर कोणतं?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, धंदा कसला? निम्म्या वेळा उत्तर येतं, "ते अजून ठरतंय, पण पुण्यात काहीतरी करायचं." म्हणजे गाव ठरलं, धंदा राहिला. खालच्या पायऱ्या धंदा ठरलेल्यांसाठी आहेत. निदान दोन-तीन पर्याय तरी डोक्यात हवेत. उदाहरणं सगळी महाराष्ट्रातली घेतली आहेत.

आधी याद्या बाजूला ठेवा

'उद्योगासाठी उत्तम दहा शहरं' अशा याद्या सतत येत असतात. वाचायला हरकत नाही, त्यांच्या भरवशावर भाडेकरार मात्र करू नका. जागतिक बँकेच्या २०२० च्या 'डुइंग बिझनेस' अहवालात (कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं, याची क्रमवारी) भारत ६३ वा आला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. भारताची ती मोजणी मुंबई आणि दिल्ली या दोनच शहरांवरून केलेली होती. इचलकरंजीत माग टाकणाऱ्याला त्यातून काय कळणार? पुढे काही देशांच्या आकड्यांत गडबड निघाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. केंद्र सरकारच्या राहणीमान निर्देशांकात २०१८ ला पुणे पहिलं होतं, २०२० च्या फेरीत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं आलं. पण राहायला चांगलं गाव आणि फाउंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) टाकायला चांगलं गाव यांचा संबंध फार थोडा.

पायरी पहिली : तुमचा माल हलका होतो की फुगतो?

सगळ्यात आधी हे तपासा, कारण अर्ध्या धंद्यांचं गाव इथेच ठरतं.

शंभर किलो ऊस गाळला की साखर दहा-अकरा किलो मिळते. म्हणून साखर कारखाना उसाच्या फडाजवळ असतो, साखर खाणाऱ्या मुंबईजवळ नसतो. नव्वद किलो चिपाड आणि पाणी ट्रकमध्ये भरून कोण फिरवेल? तुरीचंही थोड्या प्रमाणात तसंच. भरडल्यावर चुणी आणि टरफल बाजूला जातं, म्हणून डाळमिल लातूर, अकोला, जळगावला उभ्या आहेत. कच्चा माल वजनदार आणि तयार माल हलका असेल, तर कच्च्या मालाच्या गावाला जा.

उलटी बाजूही तितकीच पक्की आहे. खारी, पाव, चिवडा, गाद्या, थर्माकोलचं पॅकिंग, तयार फर्निचर हा सगळा माल फुगतो. वजन नसतं, पण टेम्पो भरतो. असा माल खाणाऱ्या-वापरणाऱ्यांच्या जवळच बनवावा लागतो. पाव तर ताजाच खपतो.

तिसरा गट आहे जिथे मालच नाही, माणसं आहेत. सॉफ्टवेअर, डिझाइन, हिशेबाची कामं, क्लास. त्यांना ही पायरी लागू नाही. त्यांनी दोनच गोष्टी बघाव्यात : नोकरीला येणारी माणसं कुठे राहतात आणि पैसे देणारा ग्राहक समोर बसायला लागतो का.

पायरी दुसरी : ग्राहक चालत येतो, ऑर्डर देतो, की कुरिअरची वाट बघतो?

चालत येणारा ग्राहक असेल तर तुम्हाला शहर निवडायचं नाही, रस्ता निवडायचा आहे. पुणे की नाशिक हा प्रश्न तिथे दुय्यम ठरतो. रस्त्याची डावी बाजू की उजवी, हा पहिला. संध्याकाळी लोक घरी परततात त्या बाजूला भाजी, बेकरी, औषधं, शिवणकाम चालतं. सकाळच्या बाजूला चहा-नाश्ता. पुण्याच्या तुळशीबागेत खरेदीच्या इराद्याने आलेली माणसं असतात, महामार्गावरच्या गाळ्यासमोरून नुसत्या गाड्या जातात.

कारखान्यांचं जॉबवर्क (त्यांचे सुटे भाग मजुरीवर करून देणं) करायचं असेल तर हिशोब वेगळा. समजा, तुम्ही दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातयंत्रं) टाकताय. तुमचा पार्ट तुमच्याकडे पूर्ण होत नाही. हीट ट्रीटमेंट बाहेर, प्लेटिंग बाहेर, ग्राइंडिंग बाहेर, टूलला धार लावायला बाहेर. पुण्याजवळ भोसरीत ही सगळी कामं दुचाकीच्या अंतरावर होतात. मशीन बंद पडलं तर दुरुस्तीवाला दुपारपर्यंत येतो. हेच मशीन तुम्ही स्वस्त जागा मिळाली म्हणून आडगावी टाकलं, तर एका पार्टसाठी दोन दिवस गाडी फिरते आणि भाड्यात वाचवलेला पैसा डिझेलमध्ये जातो. वाळूजचं उदाहरण घ्या. बजाज ऑटोचा कारखाना तिथे १९८५ ला सुरू झाला आणि पार्ट पुरवणारे छोटे वर्कशॉप त्याच्या भोवती जमत गेले. आज छत्रपती संभाजीनगरात यंत्रकामाचं युनिट टाकणाऱ्याला त्या चाळीस वर्षांचा आयता फायदा मिळतो. नाशिकचं सातपूर-अंबड, पुण्याजवळचं चाकण, कोल्हापूरचं शिरोली आणि गोकुळ शिरगाव यांचंही तेच.

कुरिअरने देशभर माल पाठवणार असाल, तर तुम्ही सगळ्यात मोकळे. कुठल्याही जिल्ह्याचं ठिकाण चालेल. फक्त रोज पिकअपला गाडी येते का आणि शेवटची वेळ काय, हे विचारा. काही तालुक्यांत दुपारी दोनला शेवटचा पिकअप होतो.

पायरी तिसरी : कुठल्या गावाचा हात कशात बसलाय?

या पायरीवर जास्त वेळ घालवा. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या एकच काम करणारी गावं आहेत. अशा गावात कारागीर, दलाल, दुरुस्तीवाला, स्क्रॅप घेणारा, इतकंच काय, त्या धंद्याला कर्ज देण्याची सवय असलेला बँक मॅनेजरही मिळतो.

कोल्हापूरला ओतकाम. शिवाजी उद्यमनगरात साच्याचा नमुना (पॅटर्न) करणारा, साच्याच्या आतला गाभा (कोअर) करणारा, वाळू पुरवणारा आणि ओतलेला भाग मशीनवर घेऊन घडवणारा, सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. तिथून जवळच्या हुपरीत चांदीचे दागिने. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी यंत्रमागाची गावं. सोलापूरला चादर आणि टॉवेल, अलीकडे शाळा-कंपन्यांचे गणवेशही. सांगलीला हळदीची आणि बेदाण्याची बाजारपेठ, तासगाव तर बेदाण्यासाठीच ओळखलं जातं. जळगावला केळी, डाळ, पीव्हीसी पाइप, प्लास्टिकच्या चटया आणि सोनं, अशी तऱ्हेवाईक पण पक्की जुळणी. जालन्याला बियाणं आणि सळई. लासलगावला कांदा, नाशिकभोवती द्राक्षं आणि वाइन. येवल्याला पैठणी. उल्हासनगरला जीन्स आणि फर्निचर.

अशा गावाचा नवख्याला मिळणारा खरा फायदा इचलकरंजीत दिसतो. तिथे खर्चीवर माग चालवण्याची पद्धत आहे. सूत व्यापाऱ्याचं, सायझिंग केलेली बीम (खळ दिलेल्या सुताचा रूळ) तो देतो, तुम्ही विणून द्यायचं आणि विणकामाची मजुरी घ्यायची. म्हणजे सुतात पैसा न गुंतवता माणूस धंद्यात शिरतो. ही सोय त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे, ती नागपूरला नेऊन उभी करता येत नाही. अर्थात व्यापाऱ्याने मजुरी पाडली की खर्चीवाला पहिला अडकतो, हेही तितकंच खरं. म्हणून चार खर्चीवाल्यांशी बोलल्याशिवाय माग घेऊ नका.

भिवंडीची गोदामं का वाढली, हे नीट समजून घ्या, म्हणजे गाव का मोठं होतं हे कळेल. मुंबईत माल आत न्यायचा तर जकात, म्हणजे शहरात माल आणायचा कर, भरावी लागायची. मग व्यापाऱ्यांनी जकात नाक्याच्या अलीकडे, पालिकांच्या हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतींत माल उतरवून ठेवायला सुरुवात केली : माणकोली, पूर्णा, काल्हेर. लागेल तेवढाच माल मुंबईत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण गोदामं गेली नाहीत, उलट ऑनलाइन विक्रीवाल्यांनी आणखी मोठी बांधली. कारण तोपर्यंत तिथे टेम्पो, हमाल, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी वाहतूक हे सगळं जमून गेलं होतं. पहिलं कारण गेलं तरी जमलेला बाजार टिकतो.

एक सावधगिरी. एकाच कामाच्या गावात तुमचा कारागीर शेजारचा पाचशे रुपये जास्त देऊन सोमवारी उचलतो. भाव कोण किती पाडतोय, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. तुमच्याकडे वेगळं काही नसेल, तर अशा गावात टिकाव धरणं अवघड. वेगळं डिझाइन, वेगळा ग्राहक, वेळेवर माल, यातलं एक तरी हवं.

पायरी चौथी : एका पानावर खर्च मांडा

वही घ्या. तीन गावं निवडा, तीन रकाने करा. जागाभाडं, वीज, पगार, कच्चा माल आणायचं भाडं, तयार माल पोचवायचं भाडं, उधारीत अडकणारी रक्कम. एवढ्या सहा ओळी पुरतात.

उदाहरण करून बघू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमचे तुम्ही काढा. कांदा-लसूण मसाल्याचं युनिट, महिन्याला दोन टन माल, ग्राहक पुण्यात. पंधराशे चौरस फूट जागा पुण्याच्या कडेला तीस रुपयांनी मिळते, महिना पंचेचाळीस हजार. सांगलीकडे दहा रुपयांनी, म्हणजे पंधरा हजार. तीस हजारांचा फरक. आता सांगलीहून पुण्याला मसाला पाठवायचं भाडं किलोला चार रुपये धरलं तरी दोन टनाला आठ हजार होतात. हळद दारात, कर्नाटकातलं ब्याडगी मिरचीचं गावही पुण्यापेक्षा सांगलीला जवळ. मसाला सांगलीतच करा, पुण्यात फक्त विका.

आता तोच माणूस मसाल्याऐवजी दोन टन चिवडा करतो म्हणू. टेम्पोत पाचशे किलो चिवडा बसला की टेम्पो भरला. चार खेपा. एका खेपेला नऊ हजार धरले तर छत्तीस हजार भाडं, म्हणजे जागेतली बचत त्यातच गेली. वर दुकानदार मऊ पडलेली पाकिटं परत करणार, ती परतीच्या गाडीने आणायची. इथे पुण्याची महाग जागाच परवडते. मालक तोच, गावं तीच, माल बदलला आणि उत्तर उलटं आलं.

विजेबद्दल थोडं. महावितरणचे दर मुंबई सोडून राज्यभर जवळपास सारखेच, म्हणून नुसता युनिटचा दर बघून गाव निवडण्यात अर्थ नाही. विदर्भ-मराठवाड्याला उद्योगांसाठी सवलती दिल्या जातात, त्या चालू आहेत का ते वेळेला विचारा. भिवंडीत वितरण टोरंट पॉवरकडे आहे, मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी. बघायचं ते हे : त्या फीडरवर (त्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीवर) वीज किती वेळा जाते, तुम्हाला हवा तेवढा भार मिळायला नवा ट्रान्सफॉर्मर लागेल का, आणि त्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. तुमचा ग्राहक रविवारी बंद आणि तुम्ही गुरुवारी, असं झालं तर आठवड्याचे दोन दिवस गाडी नुसती उभी राहते.

पगाराबाबत कागदावरचा आणि खरा असे दोन दर असतात. किमान वेतन परिमंडळाप्रमाणे बदलतं, मोठ्या शहरांत जास्त, लहान गावांत कमी. पण कुशल वेल्डर तालुक्याला स्वस्त मिळेल या भ्रमात राहू नका. तिथला चांगला वेल्डर आधीच चाकणला गेलेला असतो आणि परत आणायचा तर चाकणचाच पगार द्यावा लागतो. स्वस्त मिळतो तो शिकाऊ.

गोदाम किंवा घाऊक माल असेल तर हमाली वेगळी लिहा. राज्यात हमालांसाठीचा १९६९ चा माथाडी कायदा लागू आहे. त्या भागात कोणतं माथाडी मंडळ आहे, तुमच्या आस्थापनेला नोंदणी लागते का आणि मजुरीवर मंडळाची लेव्ही (जादा आकार) किती, हे जागा घेण्याआधी विचारायचं.

पायरी पाचवी : सरकारी सवलत शेवटी मोजा

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट पाडलेले आहेत : अ, ब, क, ड, ड+, शिवाय विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग. मुंबई, ठाणे, पुण्याचा विकसित भाग अ गटात, तिथे सवलत जवळपास नाही. जितका मागास तालुका तितकी सवलत जास्त. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात हाच भेद शहर आणि ग्रामीण असा आहे. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. म्हणजे पालिकेच्या हद्दीच्या पलीकडे पाचशे मीटर गेलात तरी अनुदान दहा टक्क्यांनी वाढू शकतं. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारा. दलालाकडे जाऊ नका, अर्ज ऑनलाइन असतो.

तरीही हा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. रोजगार कार्यक्रमाचं अनुदान हातात रोख पडत नाही. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं. सामूहिक प्रोत्साहन योजनेतला परतावा तर आधी माल विकून कर भरल्यावरचा. ज्या गावात धंदा अनुदानाशिवाय चालत नाही, तिथे तो अनुदानानेही चालत नाही. दोन गावं बाकी सगळ्या बाबतींत सारखी असतील, तेव्हा सवलत बघून निवडा.

समृद्धी महामार्गाचंही असंच. ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, जालना आणि संभाजीनगरहून मुंबईला जाणारा माल लवकर पोचायला लागला, हे खरं. पण इंटरचेंजजवळ 'इथे उद्या शहर होणार' म्हणून महाग जमीन विकणारे गाठ पडतील. तुमच्या धंद्याला आजचा रस्ता उपयोगी पडतो का, एवढंच बघा.

पायरी सहावी : एमआयडीसी, खासगी गाळा की गावातली जागा?

एमआयडीसी म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापना १९६२ ची. तिथे प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, मालकीने नाही. ठरावीक मुदतीत बांधकाम करून उत्पादन सुरू करावं लागतं, नाही तर मुदतवाढीचे पैसे. त्यामुळे पहिल्याच धंद्याला प्लॉट घेऊ नका, तयार गाळा भाड्याने घ्या. मात्र गाळामालकाने पोटभाडेकरू ठेवायची एमआयडीसीची परवानगी घेतली आहे का, ते पत्र मागून बघा. 'इथे सगळे असंच देतात' हे उत्तर पुरेसं नाही, कारण नोटीस आल्यावर मशीन तुमचं हलवावं लागतं.

सहकारी औद्योगिक वसाहतींकडे नवखे बघतच नाहीत. गाळे लहान, शेजारी जुने, भाडं बरं. जिल्ह्याच्या गावी आधी तिथे चौकशी करा.

एमआयडीसीबाहेर शेड घेत असाल तर सातबारा आणि जमिनीचा अकृषिक वापर चालतो का ते बघा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत तुमचा धंदा लाल, नारिंगी, हिरवा की पांढरा, तेही बघा. प्लेटिंग, डाइंग, रसायनं अशी लाल कामं सांडपाण्याची सोय असलेल्या वसाहतीबाहेर नेण्याचा विचारच नको. पांढऱ्या गटाला संमतीपत्राची कटकट नाही, त्यामुळे शिवणकाम, जुळणी, पॅकिंग अशा कामांना जागेचं स्वातंत्र्य पुष्कळ.

जागा कशी निवडावी याचा जुना दाखला किर्लोस्करांचा. लक्ष्मणरावांचा उद्योग बेळगावात १८८८ पासूनचा. पण तिथली जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात जागा देऊ केली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. माळ ओसाड होता, पण स्टेशन लागून होतं, राज्यकर्ता पाठीशी होता आणि लोखंडी नांगर विकत घेणारा शेतकरी कृष्णाकाठी चहूकडे होता. आजही ओसाड जागा घ्यायला हरकत नाही, या तीनपैकी दोन तरी गोष्टी असतील तर.

पायरी सातवी : जाऊन बघा, पण रविवारी नाही

बहुतेक लोक सुटीच्या दिवशी कुटुंबासह जागा बघायला जातात. त्या दिवशी एमआयडीसी रिकामी असते आणि बाजारपेठ तुडुंब, दोन्ही खोटं. मंगळवारी-बुधवारी जा.

दुकानासाठी समोरच्या टपरीवर संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ बसा. किती माणसं गेली ते मोजू नका, हातात पिशवी घेऊन किती गेली ते मोजा. रस्त्यावर 'भाड्याने देणे आहे'च्या पाट्या किती? शेजारच्या दुकानदाराला विचारायचं ते हे, "तुमच्या आधी इथे काय होतं?" एका गाळ्यात तीन वर्षांत मोबाइलचं दुकान, मग केकशॉप, मग सलून झालं असेल तर मालक भाडं का कमी करतोय ते कळलं.

कारखान्याच्या जागेसाठी पाळी सुटायच्या वेळी गेटवर उभं राहा. कामगार कुठल्या बाजूला जातात, बसने की दुचाकीवर? ते राहतात तिथून तुमची जागा आडबाजूला असेल तर रात्रपाळीला माणूस मिळणार नाही. वॉचमनला पाण्याचं विचारा, उन्हाळ्यात टँकर येतो का. तो खरं सांगतो, इस्टेट एजंट सांगेलच असं नाही. मग ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन पार्ट लोडचा (अख्खी गाडी न करता पाठवायच्या मालाचा) दर घ्या, तुमच्या मालाच्या ग्राहकाच्या गावापर्यंतचा. परतीची गाडी रिकामी जाते अशा दिशेला तुमचा माल जाणार असेल, तर भाडं बरंच कमी पडतं. हे फक्त बुकिंग क्लार्कला माहीत असतं.

आणि शक्य असेल तर जागा घेण्याआधी त्या गावात माल विकून बघा. महिनाभर दुसऱ्याकडून करून घेतलेला माल आठवडी बाजारात, प्रदर्शनात, दोन दुकानांत ठेवा. नाही विकला गेला, तर तुमचा खर्च फक्त मालाचा.

पायरी आठवी : तुम्ही स्वतः कुठे बरे?

हा रकाना वहीत नसतो, पण जड असतो. स्वतःच्या जिल्ह्यात तुमच्या वडिलांना ओळखणारा व्यापारी पंधरा दिवसांच्या उधारीवर माल देतो. नव्या शहरात पहिली दोन वर्षं सगळं रोखीने. म्हणजे तेवढं खेळतं भांडवल जास्त लागतं, आणि नवे धंदे बंद पडतात ते बहुतेक तिथेच. दुसरी बाजूही आहे. गावात आत्याच्या दिराने नेलेल्या मालाचे पैसे मागता येत नाहीत. लग्नसराईत अर्धा दिवस मांडवात जातो. माझं मत विचाराल तर माल बनवायचा धंदा आपल्या जिल्ह्यात, विकण्याचा परक्या शहरात. हा नियम नाही, कल आहे. सांगलीच्या मसाल्याचं गणित त्याच बाजूला झुकतं, चिवड्याचं नाही.

मुलांची शाळा, घरच्यांचं औषधपाणी, जोडीदाराची नोकरी हेही मोजा. रोज दोन तास प्रवास करून युनिट चालवणारा मालक सहा महिन्यांत युनिटवर जायचं कमी करतो आणि मग कामगारही.

पायरी नववी : करार आणि कागद

जागेचा भाडेकरार लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने होतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे त्याची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी न केलेल्या करारात वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी आधी खऱ्या धरल्या जातात. म्हणून मालकही नोंदणीला तयार असतो, नसेल तर शंका घ्या. लॉक-इन (करार मोडता न येणारी मुदत) निदान दोन्ही बाजूंना सारखा ठेवा. पहिल्या वर्षी तुम्हाला सोडता यावं, मालकाला काढता येऊ नये, असं जमलं तर उत्तमच. डिपॉझिट किती महिन्यांचं, परत किती दिवसांत, हे लिहून घ्या. वीजमीटर घरगुती, व्यापारी की औद्योगिक, मंजूर भार किती, जुनी थकबाकी आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का. या चार गोष्टी सही करण्याआधी.

बाकी कागद थोडक्यात. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लघुउद्योगांसाठीची) फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. छोट्या आस्थापनांना दुकान कायद्याखाली नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना द्यायची सोय २०१७ च्या कायद्याने झाली. व्यवसायकर वर्षाला २५०० रुपये. जीएसटीची नोंदणी मालाच्या धंद्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर आणि सेवेला २० लाखांवर गेली की लागते. परराज्यात माल विकायचा किंवा ऑनलाइन बाजारपेठेवर जायचं तर त्याआधीच घ्यावी लागू शकते, आपल्या सीएला विचारा.

जीएसटीचा क्रमांक राज्याला एक असतो. सांगलीत युनिट आणि पुण्यात गोदाम असेल तर त्याच क्रमांकावर पुण्याचा पत्ता जादा ठिकाण म्हणून जोडता येतो. पण कोल्हापूरचा माणूस बेळगावला किंवा सावंतवाडीचा म्हापशाला शाखा काढतो, तेव्हा अंतर कमी असलं तरी राज्य बदलतं : नवी नोंदणी, वेगळी विवरणपत्रं, आणि स्वतःच्याच शाखेला माल पाठवतानाही कर लावून बीजक. सीमेवरची दोन गावं तुमच्या वहीत शेजारी शेजारी असतील तर सीएची वर्षाची जादा फी सातवी ओळ म्हणून लिहा.